पायाखालचे लिनोलियम, छातीवरची खूण

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला, की रोहा तालुक्यातल्या आमच्या गावच्या बुद्धविहारात आम्ही दहा-पंधरा जण जमतो आणि लिनोलियमवर ठसे कोरून हाताने टी-शर्ट छापतो. २० मार्चला ते घालून महाडला जायचे असते. मी पेणच्या एका शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक. कार्यकर्ते मित्र मला विचारतात, महाडला तळ्याच्या रस्त्यावर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर असे टी-शर्ट हवे तेवढे विकत मिळतात, स्वस्तही मिळतात. मग हा उपद्व्याप कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण प्रश्न टी-शर्टचा नाहीच. आमच्या अंगावर कोणती खूण असावी आणि ती कोणी ठरवावी, हा प्रश्न आहे, आणि तो फार जुना आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांच्या वस्त्रांची रीतसर व्यवस्था लावलेली आहे. मेलेल्या माणसाची वस्त्रे त्यांनी वापरावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. एवढ्याने शास्त्रकाराचे समाधान झाले नाही. कामासाठी दिवसा फिरताना राजाज्ञेने ठरवून दिलेली खूण त्यांच्या अंगावर असावी, असेही त्याने सांगून ठेवले. पुढे पेशवाईतल्या व्यवहाराचे वर्णन बाबासाहेबांनी केले आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न शकलेल्या भाषणात ते सांगतात, की सवर्णाला चुकून विटाळ होऊ नये म्हणून अस्पृश्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. दोरा तो केवढा! पण त्या दोऱ्याने माणूस वाचता येत होता. खूण हे वर्णव्यवस्थेचे लेखन होते. लिहिणारा हात त्यांचा आणि कागद म्हणजे आमचे अंग.

हे लेखन पुसण्याची जाहीर सुरुवात आमच्याच जिल्ह्यात झाली. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ साली आले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. ही दोन्ही दृश्ये आपल्या सर्वांना पाठ आहेत. पण त्या डिसेंबरच्या परिषदेतील दोन गोष्टींकडे चित्रकार म्हणून माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. पहिली अशी, की जेथे ग्रंथ जाळला त्या खड्ड्याभोवती खांब रोवून फलक लावले होते आणि त्यांपैकी एकावर ‘मनुस्मृतीची दहनभूमी’ अशी अक्षरे होती. ज्यांना अक्षरबंदी होती त्यांनी आपली अक्षरे उघड्यावर लावली होती. दुसरी गोष्ट म्हणजे २७ डिसेंबरला बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण. तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या कथलाच्या, चांदीच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती ओळख टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. बायकांनी ते लगेच मनावर घेतले. लुगडी घोट्यापर्यंत खाली आली. टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नवी तऱ्हा दाखवली.

माझी आजी त्या सभेला नव्हती. पण महाडची बातमी कुंडलिकेच्या काठच्या आमच्या वाडीपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. ती सांगायची, लुगडे घोट्यापर्यंत आले आणि आम्ही गावाच्या डोळ्यांवर आलो. पाटलाच्या अंगणातून तिला हटकण्यात आले. दोन दिवस काम बंद झाले. तिने लुगडे वर घेतले नाही. ‘लुगडं तेच व्हतं रं, नेसनारी बदलली व्हती,’ एवढेच ती म्हणायची. पुस्तकांतून मी पुढे जे वाचले ते तिच्याकडून आधी ऐकले होते.

वस्त्राची ही गोष्ट अंगावरच्या खुणेपाशी संपत नाही. वस्त्र बनवण्यातही जात होती. कापडावर ठसे उठवण्याचे काम करणाऱ्यांची रंगारी, भावसार, छिपा ही नावे म्हणजे जातींचीच नावे. लाकडी ठसा कोरायची विद्या बापाकडून मुलाकडे जायची, बाहेर जायची नाही. विदर्भातल्या महारांनी पिढ्यान् पिढ्या जाडेभरडे कापड विणले. त्यावर फुले-वेली छापणे त्यांच्या वाट्याला आले नाही. आपल्या कोकणातली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तेव्हा यंत्रयुगात तरी हे संपेल असे वाटावे. पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्या सुताला आमची थुंकी लागली तर सवर्ण कामगार बाटेल! १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला. वर्ग आणि वर्ण यांच्या चर्चा आपण वर्षानुवर्षे करतो. त्या चर्चेचे एक टोक या धोट्याच्या छिद्रात अडकलेले आहे, हे विसरू नये.

आता लिनोलियमकडे येतो. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज कारखानदाराने १८६०च्या सुमारास ते शोधले. तेलाच्या रंगाच्या डब्यावर धरलेली रबरासारखी साय पाहून त्याला कल्पना सुचली, असे सांगतात. हवेत घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ आणि बुचाच्या झाडाची भुकटी एकत्र मळून तागाच्या जाड कापडावर पसरायची, की झाले लिनोलियम. जवस विलायतेला ज्या देशांतून जाई त्यांत हिंदुस्थान होता आणि ताग तर बंगालचाच. म्हणजे इथल्या शेतमजुराच्या घामावर तिथल्या दिवाणखान्याची जमीन मऊ झाली. कारण लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरायचे. पायाखाली घालण्यासाठीच त्याचा जन्म.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या चित्रकारांनी ते कोरायला घेतले. लाकडासारखे त्याला तंतू नसतात, त्यामुळे सुरी कोणत्याही दिशेने फिरते. ते स्वस्त असते. छापखाना लागत नाही. प्रतिष्ठित कलावंतांनी बराच काळ त्याला पोरांच्या शाळेतली वस्तू म्हणून हिणवले. पण ज्यांच्याकडे ना छापखाना ना पैसा, अशा माणसांनी ते उचलले. आपल्याकडे १९३० साली नंदलाल बोस यांनी दांडीच्या वाटेवरचे गांधी लिनोवर कोरले. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारे चित्तप्रसाद १९४६ पासून मुंबईत राहिले आणि अंधेरीच्या खोलीत त्यांनी कामगारांची, राबणाऱ्या लहान मुलांची लिनोचित्रे छापली. भट्टाचार्य हे आपले आडनाव त्यांनी टाकून दिले होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. अमेरिकेत गुलामांची नात असलेली एलिझाबेथ कॅटलेट १९४६ साली मेक्सिकोत गेली आणि तेथील लोककलावंतांच्या छापशाळेत तिने काळ्या स्त्रियांच्या जीवनावर लिनोचित्रांची मालिका केली. वाट्याने शेती करणाऱ्या बाईचे तिने कोरलेले चित्र पाहिले, की मला आमच्या भातखाचरातली बाई आठवते. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाच्या राजवटीत काळ्या तरुणांना कलाशाळांचे दरवाजे बंद होते, तेव्हा रोर्क्स ड्रिफ्टच्या केंद्रात जॉन मुआफांगेजोसारखे लोक लिनो कोरायला शिकले. काळ्यांच्या साहित्याशी आपण नाते जोडले. त्यांच्या छापचित्रांशी मात्र आपली ओळख अजून तोंडदेखलीच आहे.

माझा मुद्दा एवढाच, की लिनोला या देशात जात नाही. कोणत्याही पुराणात त्याचा देव नाही आणि कोणत्याही घराण्याची त्यावर मिरासदारी नाही. पायाखालची वस्तू उचलून तिच्यावर आपले अक्षर कोरायला आम्हाला कोणाची परवानगी लागली नाही.

विहारातले आमचे काम साधे आहे. लिनोचा तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवला, की नरम होतो. हत्यारे काही विकतची, काही घरची. मोडक्या छत्रीच्या काडीला मुळातच पन्हळ असते. टोक दगडावर घासून धार लावली आणि लाकडी मूठ बसवली, की चांगली कोरणी तयार होते. कोरले ते कोरे राहते आणि राखले ते उमटते, ही पहिली शिकवण. दुसरी शिकवण पहिल्याच वर्षी फजितीतून मिळाली. एका मुलाने ‘जय भीम’ सरळ कोरले आणि कापडावर ते उलटे उमटले. सगळे हसले. मी म्हणालो, हसू नका, आजवर आपल्याला जे सरळ म्हणून दाखवले गेले ते असेच उलटे होते. तेव्हापासून अक्षरे पातळ कागदावर काढून, कागद पालथा घालून मग लिनोवर उतरवतो. वेलांटी, काना, शिरोरेषा उलट्या बाजूने कोरताना मुलांना आपलीच लिपी नव्याने दिसते.

नवा टी-शर्ट आधी धुऊन खळ काढून टाकायची. विणीचे कापड ताणले जाते, म्हणून ते न ओढता सतरंजीच्या घडीवर पसरायचे आणि आत पुठ्ठा घालायचा, नाहीतर रंग पाठीवर उतरतो. रबरी रुळाने ठशाला निळा रंग पातळ लावायचा, ठोकळा पालथा ठेवायचा आणि त्यावर उभे राहायचे. हो, उभेच राहायचे! आमचे यंत्र म्हणजे आमचे वजन. वाळल्यावर वर कागद ठेवून इस्त्री फिरवली, की रंग पक्का होतो. बाबासाहेबांचा चेहरा कोरण्याचा प्रयत्न आम्ही केला आणि सोडून दिला. चष्मा जमला तर डोळे जमत नव्हते. त्याऐवजी मुलींनी ओंजळ सुचवली. दोन तळहात, मध्ये पाण्याच्या तीन रेषा, खाली १९२७. प्रत्येक छाप थोडा वेगळा येतो, कुठे रंग कमी, कुठे कड फुटलेली. बाजारातल्या शर्टाचा सफाईदारपणा त्याला नाही. पण कोणाच्या हाताने तो कोरला हे वाडीत सर्वांना ठाऊक असते.

एवढे सांगून थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण गेल्या खेपेला आमच्यातला सर्वांत चांगला कोरणारा मुलगा ठसे छापून झाल्यावर म्हणाला, “सर, मी घालीन, पण वरून दुसरा शर्ट घालीन. महाडला उतरलो की काढीन.” तो एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याच गाडीने कामावरची माणसे जातात. त्यांना अजून त्याची जात ठाऊक नाही. “कळली की डब्याला बसायची जागा बदलते,” तो म्हणाला.

मी त्याला भाषण दिले नाही. १९७८ साली पेणमध्ये भाड्याची खोली शोधताना मी स्वतः आडनाव गिळले होते आणि मधले नाव सांगून वेळ मारून नेली होती. काळा दोरा सक्तीचा होता आणि ओंजळ आम्ही निवडलेली आहे, हा फरक मोठा आहे. पण निवडलेली खूण झाकावी लागत असेल, तर निवड पुरती आपली झाली असे म्हणता येईल का? उलट, ही खूण प्रत्येकाने मिरवलीच पाहिजे असा हुकूम आपण सोडला, तर राजाज्ञेत आणि आपल्यात काय अंतर राहिले? माझ्या मते, त्या मुलाला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्या डब्याच्या वेळेला त्याची जागा बदलते, ती वेळ बदलणे हे चळवळीचे काम आहे आणि ते टी-शर्टने होणार नाही. टी-शर्ट फक्त एवढे करतो, की प्रश्न छातीवर आणून ठेवतो.

२०२७ हे महाडच्या संगराचे शताब्दी वर्ष. त्यानिमित्त शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांना माझे दोन बारीकसे सांगणे आहे. वसतिगृहात, विहारात, जिथे चार जण जमतील तिथे ठसे कोरा. छत्रीच्या काड्या सगळीकडे मिळतात. आणि दुसरे अधिक निकडीचे. आपली माणसे काय नेसत होती, कोणी काय नेसू दिले नाही, लुगडे खाली आले त्या दिवशी गावात काय झाले, हे सांगणारी शेवटची म्हातारी माणसे आता थोडी उरली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्या. माझ्या आजीचे मी लिहून घेतले नाही. वर दिले ते माझ्या आठवणीतले आहे, आणि बाकीचे तिच्याबरोबर गेले.