अब्बांची एफसी

आमच्या सांगलीच्या घरामागं परसात एक गाडी उभी आहे. चेहऱ्यानं चपटी, बॉनेट नावाचा प्रकारच नाही, दोन गोल दिवे आणि मागं उघडा हौदा. गल्लीतली मुलं तिला बेडूक म्हणतात. आम्ही एफसी म्हणतो. महिंद्र कंपनीची एफसी-१५०, १९६८ सालची. २०२०च्या टाळेबंदीपासून मी आणि माझा थोरला भाऊ ती दुरुस्त करतो आहोत. भाई एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, म्हणजे दुरुस्ती करतो तो, मी पान्हे उचलून देतो. कवी माणसाच्या हाती याहून जास्त कुणी काही देतही नाही.

पान्हे देता देता मी या गाडीचं कूळ शोधू लागलो. जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाबरोबर. त्या काळात के. सी. महिंद्र वॉशिंग्टनमध्ये होते, भारतासाठी सामान खरेदी करणाऱ्या सरकारी मिशनचे प्रमुख म्हणून. त्यांचे भाऊ जे. सी. महिंद्र पोलादाच्या धंद्यातले जाणकार. २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत एक कंपनी काढली. तिचं नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. सुरुवात पोलादाच्या व्यापारानं झाली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या २-३ वर्षांत माझगावला अमेरिकन विलीज जीपची जुळणी होऊ लागली. पण तोवर फाळणी झाली होती. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलसुद्धा. १९४८ साली इकडे कंपनीच्या पाटीवर मोहम्मदच्या जागी दुसरं महिंद्र आलं. छापून ठेवलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून ‘एम अँड एम’ ही अक्षरं तशीच ठेवली, असं सांगतात. खरं असेल तर काटकसरीची कमालच म्हणायची.

ही हकीकत मला चाळिशीनंतर कळली. मी मोठ्या उत्साहानं अब्बांना सांगितली. ते वांग्यांची बिलं जुळवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “वो गये सो गये. गाडी तो यहींच है ना?”

गाडी खरंच इथंच होती. जीपचं जे पेट्रोल इंजिन आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललं, त्याची रचना मजेशीर होती. हवा आणि पेट्रोल आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं इंजिन उंच झालं आणि त्याला सामावून घ्यायला जीपचं बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडची जुनी जीप छाती काढून उभी असल्यासारखी दिसते ती या वॉल्व्हमुळं. १९५६च्या अखेरीस अमेरिकेत त्याच इंजिनावर ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरच्या आराखड्याची एक छोटी पिकअप बाजारात आली. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर अवघं ८१ इंच, तरी हौदा ६ फुटांहून लांब. युक्ती साधी होती. चालकाला इंजिनाच्या मागं बसवण्याऐवजी इंजिनाच्या बाजूला, वरच्या अंगाला बसवायचं. त्यापायी पुढचा भाग इतका जड झाला की ब्रेक दाबल्यावर मागची चाकं उचलू नयेत म्हणून तिकडच्या कारखान्यात मागच्या बाजूला लोखंडी वजन बसवत. अमेरिकेत ही गाडी फारशी चालली नाही. तिथं तिचे दिवस भरत आले तेव्हा, १९६५ साली, महिंद्रनं ती इथं सुरू केली. ऊस, सिमेंटची पोती, पाण्याची पिंपं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिनं वाहिलं. कंपनीनं वऱ्हाडासाठी काढली नव्हती, पण आपल्याकडे हौदा रिकामा दिसला की लोक बसतातच.

अब्बा बागवान. नरसोबाच्या वाडीकडची वांगी सांगली-मिरजेच्या बाजारात आणायचे. १९७७ साली त्यांनी ही गाडी घेतली, तिसरे मालक म्हणून. पहाटे मला सोबत नेत. दोन सीटांच्या मधे इंजिन, त्यावर पत्र्याचं झाकण. उन्हाळ्यात त्याचा चटका पोटरीला बसे, पण थंडीत त्यावर पोतं टाकून झोपण्यासारखं सुख नव्हतं. मी वयाची दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्या झाकणावर झोपलो आहे.

अडचण पेट्रोलची होती. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्चं तेल पिंपाला ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेलं. वांग्याचा भाव काही चौपट झाला नाही. देशभर मिस्त्री लोक जीपची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेलची चढवू लागले. १९७९ साली अब्बांनी गाडी मिरजेच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कुठल्याशा अपघातातल्या जीपचं डिझेल इंजिन मिळवलं. ते मूळ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं. जड, सावकाश फिरणारं, पण ओढीला बैलासारखं. ते या केबिनमध्ये मावेना. मिस्त्रींनी फ्लोअर कापला, इंजिन टेकवायचे पाय नवीन घडवले, गिअरबॉक्सशी जुळवायला लेथवर जाड प्लेट कातून घेतली आणि वरचं झाकण ४ इंच उंच केलं. कागदावर एक रेघही न ओढता. आरटीओत जाऊन आरसी बुकात पेट्रोलचं डिझेल करून घेतलं. गाडी ४०च्या पुढं पळेना, पण खर्च निम्म्यावर आला. माझं कॉलेज त्या झाकणावर झालं, असं अब्बा म्हणत.

त्या मिस्त्रींच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर सतारमेकरांची गल्ली. मिरजेचे शिकलगार पूर्वी तलवारींना धार लावत. संस्थानी फौजांचे दिवस सरले तसे १९व्या शतकात त्यांच्यातले काही तंबोरे आणि सतारी घडवू लागले आणि त्यात देशभर नाव कमावलं. मिस्त्रींचं काम चाले तेव्हा मी तिथं वाळत घातलेले भोपळे बघत बसे.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात एफसी ३ दिवस कृष्णेच्या पाण्याखाली होती. पुढच्या जानेवारीत अब्बा गेले. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मग टाळेबंदी लागली आणि भाई म्हणाला, “चल, बघू तरी.”

पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावायची नसते, हे मी तेव्हा शिकलो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. भाईनं आधी ऑइल सोडलं. ते दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. नॉझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑइल आणि डिझेल ओतलं, ८ दिवस मुरू दिलं आणि मग हातानं फिरवून बघितलं. चौथ्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही, १९व्या दिवशी इंजिन बोटभर हललं. अमेरिकेत जुन्या पिकअपचे सुटे भाग कॅटलॉग बघून मागवता येतात, घरपोच येतात. आम्ही व्हील सिलिंडरसाठी तीन गावं पालथी घातली.

माझ्याकडे पत्रा घासायचं काम होतं. वरचा निळा अब्बांचा. त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा. पिवळ्यावर फाळक्याच्या कोपऱ्यात अक्षरं निघाली, ‘...कारी साखर’. म्हणजे आमची गाडी आधी कुठल्यातरी सहकारी साखर कारखान्यात नोकरीला होती. मी घासणं थांबवलं. भाईला दाखवलं. तो म्हणाला, “खाली सगळा गंज आहे. अक्षरं ठेवलीस तर पत्रा जाईल.” एवढ्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी फोटो काढला आणि घासलं. मला ते अजून पटलेलं नाही.

दरम्यान पुण्याचे एक संग्राहक आले. सज्जन माणूस. म्हणाले, “मूळ पेट्रोल इंजिन मी मिळवून देतो. हे डिझेल काढा, झाकण पूर्वीसारखं करा, गाडी अस्सल होईल.” अस्सल या शब्दानं मी जरा दचकतो. “तुमचं मराठी किती अस्सल आहे हो,” असं लोक मला कौतुकानं म्हणतात. मी आभार मानतो. तो शब्द मुळात अरबीतून आला आहे, हे त्यांना सांगत नाही.

पण त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. मुळात कारखान्यानं गाडी कशी बनवली होती, हे दाखवणारे नमुने उरायला हवेत. आपला कायदाही तेच सांगतो. जुलै २०२१मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची व्याख्या घातली. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेली गाडी. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. मी तो नियम दोनदा वाचला. त्यात दुचाकी आहेत, माणसं वाहणारी चारचाकी आहे. माल वाहणारी नाही. म्हणजे महाराजांच्या मोटारीला वारसा आहे, साहेबांच्या जीपलाही असू शकतो, पण ज्या गाडीनं वांगी वाहिली तिला तो मागताच येत नाही. पेट्रोल इंजिन बसवलं तरी नाही. तिच्या मिस्त्रीनं जे केलं, त्याला नियमाच्या भाषेत बदल म्हणतात. माझ्या मते तोच तिचा इतिहास आहे. त्या मिस्त्रींचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. ४ इंच उंच झाकण तेवढं आहे.

आम्ही डिझेल ठेवलं. संग्राहक चहा घेऊन गेले, अजून फोन करतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात इंजिन सुरू झालं. पासिंग संपलेलं, त्यामुळं रस्त्यावर न्यायचा प्रश्नच नव्हता. परसातल्या परसात. आधी खोकल्यासारखं, मग सगळं अंगण हादरवत, काळा धूर सोडत. भाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तो धुरामुळं म्हणाला. इतक्यात अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. वय ८६, कानानं अधू. गाडीकडे बघितलंही नाही, नातवावर ओरडली, “पहले रस्सीपर के कपडे निकालो रे!”