बाळंतिणीला घरच्या घरी स्तनपानासाठी मदत: कधी घ्यावी, कोणाची घ्यावी?

हॉस्पिटलमधून घरी येऊन एक-दोन दिवस झालेले असतात. बाळ रात्रभर रडते, आईच्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या असतात आणि सकाळी घरात निर्णय होतो, "हिला दूधच येत नाही, पावडरचा डबा आणा." दुसऱ्या एखाद्या घरात अगदी उलट चित्र असते. बाळ शांत, एका झोपेत पाच-पाच तास काढणारे. "किती गुणी आहे!" म्हणून सगळे खूश.

फॅमिली डॉक्टर म्हणून मला या दोघांपैकी दुसऱ्या बाळाची जास्त काळजी वाटते. रडणाऱ्या बाळाला अनेकदा पुरेसे दूध मिळत असते, किंवा थोड्या मदतीने मिळू शकते. पहिल्या आठवड्यात सतत झोपणारे आणि प्यायला न उठणारे बाळ मात्र दूध कमी पडल्यामुळे गळून गेलेले असू शकते.

दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. ते ओल्या लंगोटांवरून, वजनावरून आणि बाळ कसे पिते हे पाहून ठरते. या तिन्ही गोष्टी घरीच पाहता येतात. म्हणूनच जाणकार व्यक्तीची घरी झालेली एक वेळेवरची भेट पुष्कळ त्रास वाचवते.

पहिल्या आठवड्यात काय अपेक्षित आहे?

पहिले दोन-तीन दिवस चिकाचे दूध येते. ते घट्ट, पिवळसर आणि थोडे असते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी साधारण चमचा-दीड चमचाच दूध लागते, त्यामुळे हे थोडे दूध त्याला पुरते. पान्हा भरून येतो तो दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत. सिझेरियन, पहिले बाळंतपण, जास्त रक्तस्राव, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर थोडा उशीर होऊ शकतो.

स्तनात दूध तयार होणे हे मागणीवर चालते. जितके दूध बाहेर जाईल, तितके नवे तयार होते. बाळाला वरचे दूध पाजले की ते स्तन कमी वेळा चोखते, दूध कमी तयार होते, मग वरचे दूध आणखी वाढते. "दूध आटले" असे आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा ही साखळी सुरू झालेली असते.

म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावे, रात्रीही. बाळ जन्माच्या वजनावर परत येईपर्यंत तीन तासांच्या वर झोपू देऊ नये. लंगोट बदलून, पायाच्या तळव्यांना चोळून उठवावे. संध्याकाळी काही तास बाळ सारखे स्तनाशी येते, तेही नेहमीचे आहे. त्याचा अर्थ दूध संपले असा होत नाही.

दूध पुरते आहे हे कसे ओळखावे?

एक वही ठेवा. त्यात पाजल्याची वेळ, शू आणि शी लिहा. हे काम बाबांनी किंवा आजीने घ्यावे.

- शू: पहिल्या दिवशी किमान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत ६ किंवा जास्त वेळा. शू फिकट रंगाची हवी. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही तो दिसला तर दूध कमी पडते आहे असे समजावे.
- शी: सुरुवातीची काळी, चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी.
- वजन: पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते. १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यावे आणि त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढावे.

उदाहरणार्थ, जन्मतः ३ किलो असलेल्या बाळाचे वजन २०० ग्रॅमपर्यंत उतरले तर ते सहसा चालते. त्यापेक्षा जास्त उतरले तर पाजणे नीट होते आहे का हे कोणीतरी पाहायला हवे. ते २ किलो ७०० ग्रॅमपर्यंत आले, म्हणजे दहा टक्के उतरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वजन शक्यतो एकाच काट्यावर, कपडे काढून करावे.

घरी येणारी व्यक्ती नेमके काय करते?

चांगल्या भेटीचा गाभा एकच असतो: बाळाला पाजताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणे. त्यामुळे बाळ नुकतेच पिऊन झोपले आहे अशी वेळ भेटीसाठी देऊ नका. आईची रोजची बसण्याची जागा, रोजची उशी, रोजची खुर्ची यांवरच अडचण सोडवता येते, हा घरच्या भेटीचा मोठा फायदा.

आधी बाळ कसे धरले आहे ते पाहिले जाते. बाळाचे डोके, मान आणि पाठ एका रेषेत हवी. त्याचे पोट आईच्या पोटाला लागलेले, शरीर आईच्या अगदी जवळ आणि पूर्ण आधारावर हवे. आईने बाळावर वाकू नये. बाळाला स्तनाकडे आणावे. सिझेरियनचे टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून, किंवा बाळाला काखेखाली बाजूला धरून पाजता येते.

मग पकड, म्हणजे हल्ली सगळे ज्याला लॅच म्हणतात ती. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर धरावे आणि त्याने जांभई देताना उघडावे तसे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबावे. नीट पकडल्यावर हनुवटी स्तनाला टेकते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूने जास्त, खालच्या बाजूने कमी दिसतो. पान्हा आल्यावर बाळाचे घोट ऐकू येतात.

सुरुवातीचे काही क्षण थोडे दुखणे समजण्यासारखे आहे. संपूर्ण पाजणीभर दुखत असेल, किंवा बाळाने सोडल्यावर स्तनाग्र चपटे, तिरके दिसत असेल, तर पकड चुकते आहे. अशा वेळी ओढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चिरांवर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यावेत. मलम कोणतेही लावले तरी पकड सुधारल्याशिवाय चिरा भरत नाहीत.

शेवटी बाळाचे वजन, कावीळ, जिभेखालचा पडदा आणि आईचे स्तन पाहिले जातात. निघताना पुढच्या दोन-तीन दिवसांत काय करायचे आणि पुन्हा कधी वजन करायचे, हे स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

ही मदत कोण देते?

आशा ताई: सरकारच्या गृहभेट योजनेत दवाखान्यात बाळंतपण झालेल्या आईच्या घरी आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त असते. ही सेवा मोफत आहे. आशाकडे वजनकाटा आणि थर्मामीटर असतो. आपल्याकडे एक अडचण वारंवार येते: गरोदरपणाची नोंद सासरी आणि बाळंतपण माहेरी. माहेरच्या आशाला तुम्ही आल्याचे माहीतच नसते. त्यामुळे माहेरी गेल्यावर लगेच तिथल्या आशाला किंवा उपकेंद्राच्या नर्सताईंना कळवा. शहरात जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात चौकशी करा.

खासगी स्तनपान समुपदेशक: मोठ्या शहरांत त्या घरी येतात. बोलावण्यापूर्वी काही गोष्टी विचारा. प्रशिक्षण कुठे घेतले? आयबीसीएलसी ही या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मान्यतेची पात्रता आहे. अनेक अनुभवी नर्सेसही हे काम उत्तम करतात. पूर्ण पाजणी पाहणार का? वजन करणार का? गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणार का? भेटीतच पंप, पावडर किंवा दूधवाढीचे महागडे डबे विकणाऱ्या व्यक्तीपासून सावध राहा. बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करणे आणि आयांना मोफत नमुने देणे १९९२ च्या कायद्याने बंद आहे.

व्हिडिओ कॉलवर बाळ धरायची पद्धत सुधारता येते, पण वजन आणि कावीळ समोरासमोरच तपासावी लागते.

बाळंतिणीला मालिश करणाऱ्या मावशी आणि घरातल्या आजी

त्यांचा आधार मोलाचा आहे. आंघोळ, गरम जेवण, बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, आईला दोन तास झोपू देणे, या सगळ्याने दूध उतरायला मदतच होते. फक्त काही प्रथा बाजूला ठेवायला हव्यात.

- चिकाचे दूध पिळून टाकू नये.
- मध, गुटी, साखरेचे पाणी, ग्राईप वॉटर देऊ नये. सहा महिने पाणीही लागत नाही, उन्हाळ्यातसुद्धा. मधातून लहान बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षापर्यंत मध नकोच.
- आईचे पाणी तोडू नये. तहान लागेल तेवढे प्यावे.
- गाठ आली म्हणून स्तन जोरात चोळू नयेत. त्याने सूज वाढते.

अळीव, मेथी, डिंकाचे लाडू आईला आवडत असतील तर खुशाल खावेत. पण दूध वाढते ते बाळाने नीट आणि वारंवार प्यायल्याने. आईला रोज सुमारे ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणून भाजी, डाळ, दूध, अंडी असे साधे जेवण पोटभर द्यावे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावेत.

स्तन दगडासारखे झाले, ताप आला तर?

पान्हा एकदम भरला की स्तन ताणतात आणि बाळाला पकडता येत नाही. हाताने थोडे दूध काढून स्तनाग्राजवळचा भाग मऊ करावा, मग पाजावे. पाजल्यावर थंड ओल्या कापडाने शेकावे. एका बाजूला लाल, गरम, दुखरा भाग दिसला तरी त्या बाजूने पाजणे थांबवू नये. त्या दुधाने बाळाला अपाय होत नाही. नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. एका दिवसात आराम पडला नाही, किंवा थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक लागली तरी स्तनपानात चालणारी औषधे मिळतात. कोणत्याही औषधासाठी स्वतःहून पाजणे बंद करू नका, आधी विचारा.

वरचे दूध खरोखर लागले तर?

काही बाळांना ते लागते. बाळ फार लहान किंवा अशक्त असेल, वजन फार उतरले असेल, साखर कमी होत असेल, तर बाळाचे पोट भरणे सर्वांत महत्त्वाचे. अशा वेळी पहिली पसंती आईच्याच काढलेल्या दुधाला. ते पुरत नसेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच वरचे दूध, वाटी-चमच्याने किंवा उकळलेल्या बोंडल्याने द्यावे. सोबत आईने दिवसातून आठ वेळा हाताने किंवा पंपाने दूध काढत राहावे, म्हणजे पुढे पुन्हा पूर्ण स्तनपानावर येता येते.

काढलेले दूध झाकून ठेवल्यास घरात चार तास चालते, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर वापरावे. फ्रिजच्या आतल्या भागात २४ तास ठेवता येते. गरम पाण्यात भांडे ठेवून कोमट करावे, गॅसवर उकळू नये.

सगळे प्रयत्न करूनही एखाद्या आईला पूर्ण दूध येत नाही. ती आई कुठे कमी पडलेली नसते, आणि तिला तसे ऐकवूही नये. दोन आठवड्यांनंतरही तिला सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाविषयी काही वाटेनासे झाले असेल, तर डॉक्टरांशी बोला. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या

- बाळ उठवूनही पीत नाही, किंवा एकदम गळून गेले आहे
- पहिल्या आठवड्यात आठ तासांत शू झाली नाही, तोंड कोरडे आहे
- अंग गरम किंवा थंड लागते. काखेतले तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त, अथवा ३५.५ पेक्षा कमी
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा छाती आत ओढली जाते
- पहिल्या २४ तासांत कावीळ, किंवा तळहात-तळपाय पिवळे
- झटके, किंवा हिरवी उलटी
- आईला जोराचा ताप, खूप रक्तस्राव, किंवा स्तनात पू

वाहन नसेल तर १०८ किंवा १०२ वर फोन करा.

बाळंतपणाची तारीख जवळ आली असेल तर आजच दोन कामे करून ठेवा: आशा ताईंचा किंवा समुपदेशकाचा नंबर फोनमध्ये घ्या, आणि घरी आल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात बाळाचे वजन कुठे करायचे ते ठरवा. रात्री दोन वाजता "डबा आणायचा का?" हा प्रश्न आला, तर आधी वही उघडून ओले लंगोट मोजा. आकडा बरोबर असेल तर आईला पाणी द्या, उशी द्या आणि बाळ पुन्हा छातीशी लावा. आकडा कमी असेल तर बाळाला उठवून लगेच पाजा आणि उजाडताच दाखवा. ते पीतच नसेल किंवा वरचे कोणतेही लक्षण दिसले, तर उजाडण्याची वाट पाहू नका.