असईचा उतार: केळनेचं पाणी आणि आपला कॅमेरा

पाऊस सरत आला की सगळ्यांच्या गॅलरीत एकच प्रकार भरतो. धबधबे, ओढे, आणि पाण्याचं केलेलं दूध. फोनमध्ये लाँग एक्सपोजर लावलं की काम झालं. आजचा भाग या फोटोंबद्दलच आहे, फक्त त्यासाठी आपल्याला जायचंय १८०३ सालात. आणि लांब कुठे नाही, आपल्याच जालना जिल्ह्यात.

भोकरदन-जाफराबाद पट्ट्यात केळना आणि जुई या दोन नद्या पूर्वेकडे वाहत जातात आणि असई गावाच्या पुढे एकमेकींना मिळतात. तारीख होती २३ सप्टेंबर. शरद ऋतू तोंडावर आलेला, नद्यांना अजून पाणी. या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांची फौज होती. जवळपास १०० तोफा, आणि पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पायदळ. केळनेच्या दक्षिणेला होता आर्थर वेलस्ली. दोनच दिवसांपूर्वी बदनापूरला त्याचं आणि कर्नल स्टीव्हन्सनचं ठरलं होतं की २४ तारखेला भोकरदनजवळ मिळून हल्ला करायचा. पण मराठा फौज आदल्या दिवशीच समोर आली, आणि स्टीव्हन्सन दूर होता.

समोरून नदी ओलांडायची म्हणजे सरळ तोफांच्या तोंडी. आणि वाटाडे सांगत होते, जवळपास दुसरा उतार नाहीच. उतार म्हणजे काय, तर नदी पायी ओलांडता येते ती जागा. वेलस्लीला मात्र दुर्बिणीतून दोन गावं दिसली, एक या काठाला, एक त्या काठाला, अगदी समोरासमोर. त्याने ताडलं की इतकी जवळ गावं आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणारच. इंजिनिअर पाठवून खात्री केली, आणि उतार निघाला! तिथून फौज पलीकडे गेली. पाण्यातच तोफेच्या गोळ्याने एका स्वाराचं डोकं उडवलं.

पोलमनने पटकन सगळी फळी पूर्वेकडे वळवली, शिंद्यांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांना चिकटून लढले. इंग्रजांचे १,५०० हून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, तरी मैदान त्यांच्या हाती गेलं. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच.

आता फोटोकडे येऊ. या लढाईचा एकही फोटो नाही, कारण फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ मध्ये. पुढे १८६० च्या दशकात रॉबर्ट गिलने इथून जवळच, अजिंठ्याला, कॅमेरा चालवला. त्या काळी ओल्या काचेवर फोटो निघायचा आणि प्रकाश आत घ्यायला कित्येक सेकंद लागायचे. तेवढ्यात पाणी पुढे निघून जायचं, म्हणून फोटोत धुकं दिसायचं. म्हणजे बघा, आज आपण ज्याला इफेक्ट म्हणतो ती त्यांची मजबुरी होती.

मला तो इफेक्ट आवडतो, खोटं कशाला बोलू! पण केळनेसारख्या नदीवर तो एक महत्त्वाची गोष्ट पुसून टाकतो. 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण आपण माणसांवर मारतो, पण नदीवर ती शब्दशः खरी आहे. उताराजवळ पात्र पसरतं, पाणी दगडांवरून उड्या मारत जातं. डोह मात्र शांत असतो. लांब एक्सपोजरमध्ये ही सगळी खळबळ गुळगुळीत होते आणि उतार कुठे, डोह कुठे, हे कळतच नाही. ज्या गोष्टीवर एवढी लढाई फिरली, नेमकी तीच फोटोतून गायब!

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. एकाच जागेवरून दोन फोटो घ्या. एक दुधाळ, इन्स्टाग्रामसाठी. दुसरा वेगवान शटरचा, प्रत्येक शिंतोडा आणि दगड दिसेल असा. सप्टेंबरअखेर सूर्य जवळपास थेट पूर्वेला उगवतो, आणि या नद्याही साधारण पूर्वेकडेच वाहतात. त्यामुळे सकाळी लवकर उजेड पात्राच्या रेषेत येतो आणि लाट न् लाट उठून दिसते. फ्रेममध्ये दोन्ही काठ घ्या, जमलं तर काठावरचं गावही. वेलस्लीने तेच तर पाहिलं होतं! लोकेशन चालू ठेवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच काढा. पाणी चढलेलं असेल तर काठावरूनच, बरं का.

हे आत्ताच का करायचं? मराठवाड्यातले ओढे-नद्या उन्हाळ्यापर्यंत कोरड्या पडतात. त्यात बंधारे होतात, वाळू उपसली जाते, आणि पात्र बदलत राहतं. १८०३ चा उतार कसा दिसायचा, ते आपल्याला आता फक्त नकाशांवरून आणि वर्णनांवरून समजतं. आजची नदी कशी होती, हे मात्र पुढच्या माणसाला दाखवता येईल. कॅमेरा तुमच्या खिशातच आहे.

तुमच्या गावच्या नदीला उतार कुठे होता, हे घरातल्या आजी-आजोबांना नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!