घडी, पट्टी आणि कचरा वेचणारे हात



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. घरात जे कुजबुजत बोलले जाते ते चारचौघांत नीट बोलता यावे, हा अशा मालांचा एक मोठा उपयोग आहे. म्हणूनच मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया काय वापरतात आणि वापरल्यावर त्याचे काय होते, हा विषय आम्ही आज निवडला. कामगार संघटनेच्या माणसाला या गोष्टी कशाला हव्यात, असे कोणी विचारील. ज्या कारणाने बाईचा खाडा होतो, मजुरी बुडते, आणि जी वस्तू शेवटी दुसऱ्या एखाद्या बाईलाच हाताने उचलावी लागते, ती गोष्ट कामगारांची नाही तर कोणाची?

आमच्या आज्या-पणज्या जुन्या लुगड्याच्या घड्या वापरीत. आपला खानदेश कापसाचा मुलूख. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पुढे आपल्याकडे जिन-प्रेस उभे राहिले. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या वाट्याला आले ते विटलेले फडकेच. त्या फडक्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. सुती कापड शोषून घेते, धुता येते, उन्हात कडकडीत वाळते. दोष होता तो विटाळाच्या कल्पनेत. घडी कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली दमटच राही, आणि तीच पुन्हा अंगाला लागे. उन्हाने जे फुकट केले असते ते लाजेने होऊ दिले नाही.

बाजारातल्या पट्टीचा जन्म लढाईत झाला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात जखमा बांधायला कापूस अपुरा पडू लागला, तेव्हा अमेरिकेतील किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून अधिक शोषणारे ड्रेसिंग पुरविले. लष्करी दवाखान्यांतील परिचारिकांनी ते आपल्या पाळीसाठी वापरून पाहिले. लढाई संपली, माल उरला, आणि १९२० साली तो 'कोटेक्स' या नावाने दुकानात आला. पुढच्या काळात या पट्टीला खालून प्लास्टिकचा पापुद्रा लागला आणि आत पाणी धरून ठेवणारी रासायनिक पूड आली.

या पट्टीने मुलींना शाळेत आणि बायांना कामावर जाण्याची मोकळीक दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. महाराष्ट्र सरकारने ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देऊ केले. त्याच वर्षी जुलैत पॅडवरील १२ टक्के जीएसटी रद्द झाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ६४ टक्के पॅड आणि ५० टक्के कापड वापरीत असल्याचे आढळले. पुष्कळजणी दोन्ही वापरतात, म्हणून बेरीज शंभरावर जाते.

आता थोडा हिशेब करू. महिन्याला दहा पॅड धरले तर वर्षाचे १२० आणि पस्तीस वर्षांचे ४,२०० होतात. एकीचे एवढे, तर गावाचे किती? ते प्लास्टिक मातीत कुजत नाही; उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो; संडासात टाकले तर नळ तुंबतो आणि तो मोकळा करायला सफाई कामगार उतरतो.

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभारली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि ती घरोघरचा कचरा उचलू लागली. कचरा वेगळा करताना या बायांच्या हाती वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी येत. आत काय आहे हे उघडल्यावाचून कळत नसे. दुसऱ्याच्या रक्ताला रोज हात लागे, आणि त्याच हाताने भाकरी खायची! २०१३ साली त्यांनी वापरलेले पॅड पोत्यांत भरून ते बनविणाऱ्या कंपन्यांकडेच परत धाडले. माल विकून नफा घेणाऱ्याने त्याच्या कचऱ्याचीही जबाबदारी घ्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. जुन्या वर्तमानपत्रांच्या खास पिशव्याही त्यांनी स्वतः तयार केल्या, आणि पुडक्यावर लाल ठिपका काढा, असे घरोघर सांगितले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना पॅडबरोबर विल्हेवाटीसाठी वेष्टन देण्यास सांगितले. आमच्या मते हा आपल्या कामगार चळवळीचा इतिहास आहे, आणि गिरण्यांच्या संपांइतकाच तो सांगितला गेला पाहिजे.

मग पर्याय कोणता? सोनगीरच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. येथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांनी गावाचे नाव दूरवर नेले. हंडा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, आणि फुटला तरी मोडीत घालून त्याचे मोल येते. मात्र पितळेला कल्हई लागते, घासणे लागते. टिकाऊ वस्तू निगा मागते. कापडी पॅडचेही तसेच आहे. ते गार पाण्यात भिजवावे, साबणाने धुवावे, भर उन्हात वाळवावे. मग ते पुष्कळ महिने चालते.

दुसरा पर्याय सिलिकोनच्या कपाचा. ही कल्पनाही जुनीच. लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईने १९३७ साली रबरी कपाचे पेटंट घेतले होते, पण दुसऱ्या महायुद्धातील रबराच्या टंचाईत त्याचे उत्पादन थांबले. २०१९ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा निघाला. कप सुरक्षित आहे आणि गळतीच्या बाबतीत पॅडहून वाईट नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. नीट उकळून ठेवला तर एक कप काही वर्षे पुरतो. केरळात अलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली पाच हजार कप वाटले. जानेवारी २०२२ मध्ये कुंबळंगी हे पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झाले. अर्थात कप प्रत्येकीला रुचेल असे नाही. तांबी बसविलेल्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावे हे बरे.

पण निवड करायला आधी पाणी लागते आणि दाराला कडी लागते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फडात संडास नाही, पाणी नाही, आणि खाडा झाला की दंड! अशा बाईपुढे कापडी पॅड चांगला की कप चांगला, हा वाद घालणे ही थट्टा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांसाठी वेगळे संडास आणि धुण्याची सोय बंधनकारक केली. पण शेत, वीटभट्टी आणि उसाचा फड त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. तेव्हा पुनर्वापराचा उपदेश करणाऱ्याने आधी नळाची मागणी करावी. जिला पाणी मिळत नाही तिने पॅड वापरला तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आपल्या गावापुरते बोलायचे तर शाळेत आणि बाजारात कडी असलेले, पाणी असलेले संडास असावेत, आणि पुडके वेगळे बांधून, खूण करून द्यावे. ही कामे ग्रामपंचायतीकडून करून घेता येतील. एक काम मात्र घरातल्या पुरुषांचेच आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यांच्यासाठी आपण झोके बांधतो. त्याच अंगणातल्या दोरीवर, उन्हात, त्यांच्या घडीलाही जागा असू द्यावी, आणि ती दिसली म्हणून कोणी तोंड फिरवू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.