पॅकेज ६ लाखांचं, मग हातात किती? बडनेऱ्यातल्या नोकरदाराचं गणित

ऑफर लेटरवर '६ लाख' असा आकडा दिसला की बरेच जण त्याला १२ ने भागतात आणि ५० हजार धरून गाडीचा हप्ता ठरवतात. घोळ इथेच होतो, कारण हा आकडा पगाराचा नसतो, तो कंपनीला येणारा एकूण खर्च असतो.

बडनेऱ्यात राहून अमरावतीला खाजगी नोकरी करणाऱ्याचं उदाहरण घेऊ. महिन्याच्या ५० हजारांत मूळ वेतन २५ हजार आहे. त्यावर कंपनी भरते तो १२ टक्के पीएफ, म्हणजे ३,००० रुपये, आणि ग्रॅच्युइटीचे साधारण १,२०० रुपये आधीच पॅकेजमध्ये धरलेले असतात. म्हणून पगारपत्रकावर ४५,८०० च्या आसपास दिसतात. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० जातो. उरतात ४२,६००. काही कंपन्या पीएफ फक्त १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० रुपयेच कापतात. तिथे हातात जास्त येतात, पण साठतात कमी.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पगारावर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन आयकर लागतात. भारतात पगारावरचा आयकर फक्त केंद्राचा. राज्याच्या वाट्याला येतो तो व्यवसाय कर, आणि राज्यघटनेच्या कलम २७६ नुसार तो वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. महाराष्ट्रात १० हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. फेब्रुवारीत शंभर रुपये कुठे गेले, या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही.

आता आयकर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या प्रणालीत पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि उरलेलं उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य. म्हणजे वरच्या उदाहरणात आयकराचा एक रुपयाही जात नाही.

गंमत आहे १२ लाख ७५ हजारांच्या पुढे. पगार १३ लाख असेल तर करपात्र उत्पन्न १२.२५ लाख होतं. टप्प्यांप्रमाणे कर येतो ६३,७५०. पण १२ लाखांवर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही अशी सवलत आहे, म्हणून तो २५ हजारांवर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून २६ हजार. थोडक्यात, वाढलेले २५ हजार सगळे गेले आणि वर हजार रुपये खिशातून. ही सवलत साधारण १३.४५ लाख पगारापर्यंत चालते. या पट्ट्यात असणाऱ्याने कंपनीमार्फत एनपीएसमध्ये पैसे वळवता येतात का, हे विचारून घ्यावं. कंपनीने भरलेल्या वाट्याची वजावट नव्या प्रणालीतही मिळते.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे घरची शेती. कापूस-संत्र्याचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, हे खरं. पण ते ५ हजारांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न ४ लाखांवर असेल, तर पगारावरचा कर काढताना दर ठरवण्यासाठी ते हिशेबात घेतलं जातं. कंपनीला शेतीची माहिती नसते, त्यामुळे पगारातून कमी कर कापला जातो आणि फरक विवरणपत्र भरताना समोर येतो.

नोकरी पुण्याला लागली तरी कपात हीच राहते, राज्य एकच आहे. दिल्ली किंवा हरियाणात व्यवसाय कर नाही, म्हणजे वर्षाला २,५०० वाचले. पण तेवढ्यात तिथल्या खोलीचं एका महिन्याचं भाडंही निघत नाही.