अवकाशस्थित ज्योतिषशास्त्र, भारतातील
क्ष-किरण व जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाचा बहुतांश भाग पृथ्वीच्या वातावरणात शोषला जात असल्याने त्याचे वेध वातावरणाबाहेरून घ्यावे लागतात. भारतात या संशोधनाचा पाया मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने फुग्यांद्वारे केलेल्या प्रयोगांनी घातला. आर्यभट उपग्रहावरील (१९७५) क्ष-किरणविषयक प्रयोग वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे काही दिवसांतच थांबला. पुढे आयआरएस-पी३ या दूरस्थ संवेदन उपग्रहावरही (१९९६) क्ष-किरण उपकरणे बसविण्यात आली.

स्वतंत्र वेधशाळा उभारताना अग्रक्रमाचा प्रश्न निर्माण झाला. २.४ मी. व्यासाच्या हबल दूरदर्शकाशी आकारात स्पर्धा करणे शक्य नव्हते. त्यामुळे २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटमध्ये एकाच खस्थ पदार्थाचे जंबुपार ते क्ष-किरण अशा अनेक तरंगलांबींत एकाच वेळी वेध घेण्यास प्राधान्य देण्यात आले. त्याच्या जंबुपार दूरदर्शकाचे आरसे सु. ३७.५ सेंमी. व्यासाचे असले, तरी दृष्टिक्षेत्र विस्तृत आहे. पुण्यातील आयुका (स्थापना १९८८) या संस्थेतील कनक साहा व सहकाऱ्यांनी त्याच्या साहाय्याने सु. ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून आलेले आयनीकारक प्रारण ओळखले (२०२०).

एक्सपोसॅट (१ जानेवारी २०२४) मात्र क्ष-किरणांच्या ध्रुवणाच्या अभ्यासास वाहिलेला आहे. सर्वोपयोगी वेधशाळा अनेकांच्या उपयोगी पडते, पण तिच्या उभारणीस दीर्घ काळ लागतो. एकोद्देशी उपग्रह तुलनेने लहान असतो, पण त्याचे क्षेत्र मर्यादित असते. भावी योजनांत या दोहोंचा समतोल राखणे व उपकरणनिर्मितीचे कौशल्य खंडित होऊ न देणे महत्त्वाचे ठरते.