मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली : मोहल्ला समित्यांची गोष्ट

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. श्रीकृष्ण आयोगाचा हा आकडा सर्वांना ठाऊक आहे. मात्र मुंबईच्या वेशीपलीकडे असलेली, दंगलींसाठी देशभर कुप्रसिद्ध असलेली भिवंडी त्या काळात पेटली नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

आधी शहर समजून घेऊ. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. येथील जुने रहिवासी कोकणी मुसलमान, आगरी आणि इतर हिंदू जाती. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर आले, पुढे तेलुगू पद्मशाली आले, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आले. सुताचा व्यापार बव्हंशी हिंदू व्यापाऱ्यांकडे आणि बरेचसे माग मुसलमान मालकांकडे, त्यामुळे एकाचे उधारीचे खाते दुसऱ्याच्या वहीत. परस्परावलंबन असले म्हणजे सलोखा नांदतोच, असे मानणाऱ्यांनी भिवंडीचा इतिहास अवश्य वाचावा.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली आणि तिचे लोण जळगावपर्यंत गेले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. आयोगाचा अहवाल आजही अस्वस्थ करतो, कारण त्याने केवळ जमावावर बोट ठेवले नाही, तर पोलीस तपासातील पक्षपातही उघड केला. पुढे मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. ती दंगल ठाणे आणि मुंबईत पसरली व दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

तोवर पोलिसांकडे सलोख्यासाठी एकच ठरलेले साधन होते : शांतता समिती. सण जवळ आला की शहरातील पुढारी, व्यापारी, मौलवी आणि मंडळांचे अध्यक्ष यांना ठाण्यात बोलवायचे, चहा पाजायचा, एकोप्याची भाषणे ऐकायची आणि सण संपला की समिती गुंडाळायची. ज्यांना तणावातून राजकीय लाभ होत असे, अशी काही मंडळीही त्याच खुर्च्यांवर बसलेली असत!

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल थांबवायची तर ती घडण्याच्या किती तरी आधी सामान्य माणसांची एकमेकांशी, आणि त्यांची पोलिसांशी, नित्याची ओळख असली पाहिजे, हा त्यांचा साधा विचार. त्यातून सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. प्रत्येक समितीत त्या वस्तीतील दोन्ही समाजांची सामान्य माणसे घेतली गेली. राजकीय पुढाऱ्यांना आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना कटाक्षाने दूर ठेवले. समितीची सूत्रे वरिष्ठ अधिकाऱ्याकडे न देता त्या भागातील कनिष्ठ अधिकाऱ्याकडे दिली. माझ्या मते या योजनेतील सर्वांत दूरदर्शी निर्णय हाच, कारण वरिष्ठांच्या बदल्या होत राहतात, पण गल्लीतल्या माणसाला रोज भेटतो तो बीटवरचा फौजदार आणि शिपाई.

बैठका नियमित होत आणि त्यांत ‘सलोखा’ हा विषय क्वचितच निघे. पाणी, गटार, वीज, शेजाऱ्यांची भांडणे, घरगुती तंटे असे विषय असत. नळाच्या तक्रारीसाठी शेजारी शेजारी बसलेल्या माणसांना एकमेकांची नावे कळत. पुढे गणेशोत्सवात किंवा मोहरमला एखादी अफवा उठली, तर ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचे माणूस असे. अफवेला लागणारा वेळच तिला मिळेनासा झाला.

कसोटी आली तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते. बाबरी मशीद पडल्यानंतरच्या दिवसांत उपायुक्तपदी गुलाबराव पोळ होते. म्हणजे व्यक्ती बदलली तरी घडी टिकली होती, निदान तेव्हा तरी. खोपडे यांनी या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच मुळी ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली : हिंदू-मुसलमानांना जोडणारे नागरी जाळे जेथे आपोआप विणले गेले नाही, तेथे ते पोलिसांच्या पुढाकाराने विणता आले, याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

दंगलीनंतर मुंबईनेही हा धडा गिरवला. १९९४ मध्ये आयुक्त सतीश साहनी यांच्या काळात मोहल्ला समित्या सुरू झाल्या. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसे त्यामागे उभी राहिली. दोन्ही शहरांतील फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. भिवंडीत समित्या दंगलीपूर्वी उभ्या राहिल्या, मुंबईत राखेवर. ज्या पोलिसांवर पक्षपाताचे आरोप होते, त्यांच्याच पुढाकाराने विश्वास कसा परतणार, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आणि तो रास्त होता. दोषी पोलिसांवर कारवाई होत नसताना समितीच्या चहाला मर्यादा असतातच.

आणि भिवंडी? ५ जुलै २००६ रोजी तेथे पुन्हा रक्त सांडले. या वेळी वाद हिंदू-मुसलमानांचा नव्हता, पोलीस आणि नागरिक यांच्यातला होता. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यास स्थानिक मुसलमानांचा विरोध होता. पोलीस गोळीबारात दोन जण ठार झाले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. १९८८ मध्ये विणलेले जाळे तोपर्यंत विस्कटले होते. ज्या शहरात नळाच्या तक्रारीवर दर बैठकीत बोलणे होत असे, तेथे पोलीस ठाण्याच्या जागेचा प्रश्न मात्र रस्त्यावर आला.